पुलांची पाहणी : कठड्याकडून पायाकडे

(पंचायत सदस्य, शिक्षक व बांधकाम खात्यातील क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पावसाळा संपून रस्ते वाहते झाले की गावोगावच्या पुलांची पाहणी सुरू होते. पाहणीस आलेली मंडळी पुलावर उतरतात, कठडे पाहतात, डांबर कोठे उखडले आहे ते पाहतात, रंग उडाला असल्यास तशी नोंद करतात आणि पुढच्या पुलाकडे जातात. हे सर्व पाहणे आवश्यकच आहे. कठडा तुटलेला राहिला तर एखादा माणूस नदीत पडेल. परंतु पाया उघडा पडला तर सबंध पूलच नदीत जाईल. आणि पाया काही पुलावर उभे राहून दिसत नाही. तो पाहावयाचा तर काठ उतरून नदीच्या पात्रात जावे लागते, खांबाच्या बुडाशी वाकून पाहावे लागते, आणि जेथे पाणी बारमाही आहे तेथे पाण्याखालचा तळ मोजावा लागतो. पाहणीचा हा भाग कष्टाचा आहे. म्हणूनच तो पुष्कळदा राहून जातो.

पुरात पूल पडणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल महापुरात कोसळला. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या राज्य परिवहन महामंडळाच्या दोन बसगाड्या आणि एक खासगी मोटार नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. रात्रीचा अंधार, मुसळधार पाऊस आणि दुथडी भरलेली नदी अशा स्थितीत समोरचा पूल नाहीसा झाला आहे, हे चालकांना कळण्याचा मार्गच नव्हता. पुढे तेथे नवा पूल विक्रमी वेगाने बांधण्यात आला आणि ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. पूल वर्षाच्या आत पुन्हा उभा राहू शकतो; गेलेली माणसे परत येत नाहीत. पुलांच्या पाहणीचा विचार करताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर असावयास हवी.

नदी तळ कसा खरवडते

वाहत्या पाण्यात खांब उभा केला की पाण्याची वाट अडते. समोरून येणारे पाणी खांबावर आदळते. त्यातील काही भाग खांबाच्या कडेने खाली तळाकडे वळतो, तेथे भोवरा धरतो आणि तळाची माती, वाळू, गोटे उकरून दूर नेतो. हा भोवरा घोड्याच्या नालाच्या आकाराने खांबाच्या तोंडाशी व दोन्ही बाजूंना पसरतो. याखेरीज पुलामुळे नदीचे पात्र थोडेफार अरुंद झालेले असते. त्यामुळे पाण्याचा वेग वाढून सबंध तळच खाली जातो. तळाच्या या झिजेला अभियंते ‘स्काउर’ म्हणतात. येथे तिच्यासाठी ‘खरवड’ हा साधा शब्द वापरला आहे.

पाण्याच्या वेगाचा प्रभाव किती मोठा असतो, हे एका जुन्या नियमावरून समजते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते पूर्वीच्या चौसष्टपट वजनाचा दगड हलवू शकते. उन्हाळ्यात ज्या ओढ्यातून लहान मूल चालत जाते, त्याच ओढ्याने पावसाळ्यात मोठमोठ्या शिळा गडगडत नेल्या, याचे नवल वाटावयास नको.

खरवड किती खोल जाईल, याचा अंदाज बांधण्यात या देशातील अभियंत्यांचा वाटा मोठा आहे. जेराल्ड लेसी यांनी १९३० च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांच्या निरीक्षणावरून पाण्याचा प्रवाह, तळाचा कण आणि पात्राची खोली यांचा संबंध दाखविणारी सूत्रे मांडली. मुंबई प्रांताच्या सरकारने १९१६ मध्ये सुरू केलेल्या आणि आज खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेची उभारणी ज्यांनी केली, ते क्लॉड इंग्लिस यांनी पुण्यातील प्रतिकृतींवरचे प्रयोग आणि प्रत्यक्ष पुलांची मोजमापे यांवरून दाखवून दिले की, खांबाजवळची खरवड लेसी यांच्या सूत्राने येणाऱ्या खोलीच्या सुमारे दुप्पट धरावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत हेच प्रमाण पुढे चालू राहिले. समजा, एखाद्या नदीत सूत्राने येणारी खोली ६ मीटर आहे. तर खांबाजवळ ती १२ मीटर धरावयाची, आणि तीही महत्तम पूरपातळीपासून मोजून. उन्हाळ्यातील तळ त्या पूरपातळीच्या ७ मीटर खाली असेल, तर त्याच्याही खाली ५ मीटरचा खड्डा पुरात पडू शकतो, असा याचा अर्थ आहे. नव्या पुलाचा पाया त्यापेक्षाही खाली नेला जातो. जुने पूल ज्या काळी बांधले गेले त्या काळी हे हिशोब नव्हते. म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

महाराष्ट्रातील पुष्कळशा नद्यांचा तळ काळ्या पाषाणाचा आहे आणि खडकावर टेकलेला पाया सामान्यतः सुरक्षित असतो, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि खडक म्हटला की पाहणी नको, असे समजणे बरोबर नाही. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या गेरूसारख्या मऊ मातीचा थर असतो, तर कोठे वरचा खडक कुजून मुरुमासारखा झालेला असतो. असा थर पाण्याने पोखरला जातो. तापी व वैनगंगा यांच्या खोऱ्यांत गाळाचे व वाळूचे तळ आहेत. कोकणच्या नद्यांत गोटे आणि मुरूम आहे. शिवाय खांब खडकावर असले तरी दोन्ही काठांचे अंत्यपाद आणि त्यांच्यामागचे मातीचे भराव खडकाचे नसतात. मधला पूल शाबूत आणि जोडरस्ता वाहून गेला, हे दृश्य ग्रामीण भागात दरवर्षी कोठे ना कोठे दिसते.

पूर ओसरतो आणि खड्डा भरून येतो

खरवडीचा सर्वांत फसवा गुण असा की ती स्वतःला झाकून घेते. पूर ऐन भरात असतो तेव्हा खांबाजवळचा खड्डा सर्वांत खोल असतो. पाणी ओसरू लागले, वेग मंदावला, की वरून येणारी वाळू आणि गाळ त्याच खड्ड्यात बसतो. आठ दिवसांनी पाहणीस जाणाऱ्या माणसाला खांबाभोवती सपाट, स्वच्छ वाळू दिसते आणि पाया ठीक असल्याचा शेरा लिहिला जातो. परंतु ही नवी वाळू सैल असते. तिच्यात मूळ तळाचा घट्टपणा नसतो आणि पुढच्या पुरात ती प्रथम वाहून जाते.

याकरिता केवळ डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही. लोखंडी पहार किंवा जाड सळई खांबाजवळ आणि खांबापासून दूर अशी दोन्ही ठिकाणी ठोकून पाहावी. दूरवर ती वीतभर जाऊन अडते आणि खांबाजवळ दोन हात सहज उतरते, तर तेथे खड्डा पडून भरला आहे, असे समजावे. खांबाच्या दगडावरही खुणा सापडतात. पूर्वी मातीत पुरलेला भाग उघडा पडला असेल, तर तेथील दगडाचा रंग वरच्या भागाहून वेगळा दिसतो. त्यावर शेवाळ किंवा पुराचे जुने डाग नसतात. पायाचे काँक्रीट किंवा विहीर-पायाचा माथा दिसू लागणे ही तर उघड सूचना होय.

दगडांचे कवच

तळ खरवडू नये यासाठी पुलाभोवती निरनिराळे संरक्षण केलेले असते. भरावाच्या उतारावर दगडी पिचिंग असते. अंत्यपादाभोवती मातीच्या शंकूसारखा उतार असून त्यावर दगड बसविलेले असतात. खांबाभोवती किंवा काठाच्या बुडाशी मोठे दगड सैल पसरलेले असतात. तळ खाली गेला की हे दगड त्याच्याबरोबर घरंगळून नव्या उतारावर बसावेत, अशी त्यामागील योजना असते. कोठे तारेच्या जाळीत दगड भरून ठेवतात. फरशी पुलांना वरच्या व खालच्या अंगास जमिनीत उतरविलेली पडदी भिंत असते. पाहणाऱ्याला हे सारे पुलापासून वेगळे आणि दुय्यम वाटते. वास्तविक उथळ पायाच्या पुलाला हे दगडच जिवंत ठेवतात.

या कवचाचे नुकसान पुष्कळ प्रकारे होते. पिचिंगमागील खडीचा थर धुपला की आतून माती निघून जाते. वरचे दगड काही दिवस तसेच दिसतात आणि मग एकाएकी खचतात. पायाने किंवा पहारीने ठोकले असता पोकळ आवाज येतो. पिचिंगला ज्या भिंतीचा टेकू असतो ती बुडाशी सरकली, तर वरचा सर्व उतार घसरतो. जाळीची तार गंजून तुटते आणि दगड पसरतात. दगडांच्या फटीत वड, पिंपळ, बाभूळ रुजते आणि मुळे दगड उचलतात. फरशी पुलाच्या खालच्या अंगास पाणी उडी घेते, तेथे डोह पडतो आणि पडदी भिंतीखालून माती निघू लागते. आणि एक कारण गावातीलच आहे : पिचिंगचे तयार घडीव दगड घराच्या जोत्यासाठी, गोठ्यासाठी किंवा बांधासाठी उचलून नेले जातात. नेणाऱ्याला ते बेवारशी दगड वाटतात. त्याच पुलावरून त्याची मुले शाळेला जातात, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

स्कोहॅरीच्या पुलाचा धडा

हे दगड किती मोलाचे असतात, याचे जगाला शिकविणारे उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात घडले. तेथील मोठ्या महामार्गावर स्कोहॅरी नावाच्या नदीवर १९५४ मध्ये पूल खुला झाला. त्याचे खांब उथळ, रुंद पायांवर उभे होते. पायाखाली हिमनद्यांनी आणून दाबलेली घट्ट माती होती. ती खरवडू नये म्हणून पायाभोवती मोठे दगड टाकण्याची योजना होती. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, मोठा पूर आला आणि तेव्हापासून दगड हलू लागले. पूल मात्र उभा राहिला. वर्षे गेली, पाहण्या होत राहिल्या. १९७७ मध्ये सल्लागार अभियंत्यांनी नाहीशा झालेल्या दगडांच्या जागी नवे दगड टाकण्याची शिफारस केली. पुढे दुरुस्तीच्या कामाचे कागद तयार झाले, तेव्हा नेमके हेच काम त्यातून वगळले गेले. पाण्याखाली जाऊन पायांची पाहणी तर बांधकामापासून एकदाही झालेली नव्हती. ती १९८७ साली व्हावयाची होती.

५ एप्रिल १९८७ रोजी सकाळी, बर्फ वितळल्याने व पावसाने आलेल्या पुरात, तिसरा खांब त्याच्या बुडाखाली पडलेल्या खड्ड्यात कलला आणि पुलाचे दोन गाळे नदीत पडले. मोटारी व मालमोटार मिळून पाच वाहने पाण्यात गेली आणि दहा माणसे मरण पावली. चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट होता : खांबांभोवतीचे दगडी संरक्षण योग्य स्थितीत राखले गेले नाही, म्हणून पायाखालची माती खरवडली गेली. पुलाच्या वरच्या बांधणीत अपघाताचे मूळ नव्हते. अंदाजपत्रकातून कमी केलेल्या दगडांच्या त्या एका बाबीची किंमत दहा कुटुंबांनी मोजली.

याच घटनेची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच नदीवर काही मैल वरच्या अंगाला दुसरा एक पूल होता. त्याच्याही पायाखालचा तळ खरवडला असेल, या शंकेवरून तो पूर येताच वाहतुकीस बंद करण्यात आला होता. मोठा पूल पडल्यानंतर सहा दिवसांनी त्याचाही मोठा भाग कोसळला. त्यावेळी त्यावर कोणी नव्हते. एका पुलावर दहा बळी आणि दुसऱ्यावर एकही नाही, यातील अंतर केवळ वेळीच घेतलेल्या एका निर्णयाचे होते. त्यानंतर अमेरिकेत नद्यांवरील पुलांचा खरवडीच्या दृष्टीने स्वतंत्र विचार करणे सक्तीचे झाले.

नोंद हरवली की पूल धोक्यात

आयर्लंडमधील मॅलाहाइड येथील घटना आणखी वेगळे शिकविते. डब्लिनहून बेलफास्टकडे जाणारा लोहमार्ग तेथे एका खाडीवरून जातो. पुलाचे खांब खडकावर नव्हते. पाण्यात टाकलेल्या दगडांच्या बांधावर ते उभे होते. भरती-ओहोटीने त्या बांधाचे दगड हलत, म्हणून जुने कर्मचारी वेळोवेळी तेथे नवे दगड टाकीत. १९९६ च्या सुमारास हे काम बंद पडले. जुने लोक निवृत्त झाले आणि हे दगड का टाकले जात, ही माहिती त्यांच्याबरोबरच गेली. ऑगस्ट २००९ मध्ये खाडीत सराव करणाऱ्या स्थानिक बालवीर पथकाच्या मंडळींनी पाण्याचा प्रवाह बदलला असल्याचे कळविले. १८ ऑगस्ट रोजी अभियंत्याने पुलाची पाहणी केली. त्याला पुलात धोका दिसला नाही. २१ ऑगस्ट रोजी एक खांब व त्यावरील गाळे पाण्यात गेले. रेल्वेचालकाने पुलावरून जाताना खचणारी जागा पाहून तत्काळ इशारा दिला आणि वाहतूक थांबविण्यात आली. कोणीही दगावले नाही.

येथे काठावरच्या लोकांनी पाणी पाहिले होते आणि पाहणी करणाराही येऊन गेला होता. उणीव होती ती जुन्या नोंदीची. हा पूल कशावर उभा आहे, त्याला दरवर्षी काय लागते, हे लिहून पुढच्या माणसाच्या हाती दिलेले नव्हते. महाराष्ट्रातही अनेक जुन्या पुलांचे मूळ नकाशे सापडत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच रस्त्यावर काम केलेल्या मैलकुलींना आणि मुकादमांना मात्र कोणत्या पुलाखाली कोणत्या साली डोह पडला, कोठे किती गाड्या दगड टाकले, हे तोंडपाठ असते. ते सेवानिवृत्त होण्यापूर्वी त्यांची ही माहिती पुलाच्या नोंदवहीत उतरवून घेणे, हे कोणत्याही यंत्रसामग्रीवाचून होण्यासारखे काम आहे.

पाहणी केव्हा आणि कशी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत नित्य, प्रमुख आणि विशेष असे पाहणीचे प्रकार सांगितले आहेत. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करण्याची पद्धत रूढ आहे. खरवडीच्या दृष्टीने या दोहोंचे हेतू भिन्न आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी असते. पाया, पडदी भिंत व पिचिंग उघड्यावर दिसते आणि पाऊस पडण्यापूर्वी दुरुस्तीला अवधी असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पाहणीत त्या वर्षीच्या पुराने काय केले ते ताजे दिसते आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक वेळेवर तयार होऊ शकते. यांखेरीज मोठा पूर येऊन गेल्यावर, पुलावरून पाणी गेले असल्यास, वाहतूक पुन्हा सुरू करण्यापूर्वी विशेष पाहणी झालीच पाहिजे. पाणी उतरले एवढ्यावरून पूल सुरक्षित ठरत नाही.

पाहणीचा क्रम नदीपासून आरंभ करून वर यावा. प्रथम पुलाच्या वरच्या अंगास काही अंतर चालत जाऊन नदी कोठून येते ते पाहावे. पूर्वी मध्यातून वाहणारा प्रवाह आता एका काठाकडे सरकला आहे काय, पात्रात नवे बेट तयार झाले आहे काय, काठ तुटून प्रवाह खांबांवर तिरपा येऊ लागला आहे काय, हे नोंदवावे. तिरप्या प्रवाहात खरवड पुष्कळ वाढते. वाहून आलेली झाडे, बांबू, जलपर्णी खांबांना अडकून असल्यास ती काढण्याची व्यवस्था करावी; अशा अडथळ्याने खांब जणू अधिक रुंद होतो आणि खड्डाही तितकाच मोठा पडतो.

त्यानंतर तळाची मोजणी. प्रत्येक खांबाचे वरच्या अंगाचे तोंड, दोन्ही बाजू आणि खालचे अंग अशा चार जागा ठरवून घ्याव्यात. पुलाच्या कठड्याजवळ त्यांच्या बरोबर वर रंगाने कायमच्या खुणा कराव्यात. पाणी असेल तेथे वजन बांधलेली मोजपट्टी त्या खुणेपासून खाली सोडावी आणि तळापर्यंतचे अंतर लिहावे. कोरड्या पात्रात लेव्हल लावून पातळी घ्यावी. जागा दरवर्षी त्याच असाव्यात, अन्यथा आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. जेथे पाणी खोल व बारमाही आहे तेथे पाणबुड्यांकरवी तपासणी किंवा ध्वनिलहरींनी खोली मोजणारे यंत्र वापरावे लागते.

या आकड्यांना अर्थ येतो तो तुलनेने. समजा, एका खांबाच्या पायाचे बूड मूळ तळाच्या ४ मीटर खाली आहे. पहिल्या वर्षी तळ ३० सेंटिमीटर खाली गेला, दुसऱ्या वर्षी आणखी ५०, तिसऱ्या वर्षी आणखी ७०. कोणत्याही एका वर्षाचा आकडा पाहणाऱ्यास घाबरवणार नाही. परंतु तीन वर्षांत दीड मीटर तळ गेला, दरवर्षी जाणारा भाग वाढतच आहे आणि पायाभोवती आता अडीच मीटरच माती उरली आहे, हे एका ओळीत लिहिलेले दिसले की चौथ्या पावसाळ्याची वाट पाहण्याचे धाडस कोणी करणार नाही. ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा दहा वर्षे लिहिला गेला, तरी त्यातून एवढी माहिती मिळत नाही.

तळानंतर दगडी संरक्षण, अंत्यपादामागील भराव, उंदीर-घुशींची बिळे, पुलाच्या टोकाशी खचलेला रस्ता आणि शेवटी कठड्याची रेषा पाहावी. कठडा एका टोकाकडून डोळा लावून पाहिला असता कोठे लवलेला किंवा वाकलेला दिसतो काय, गाळ्यांमधील सांधा एका बाजूस अधिक उघडला आहे काय, हे महत्त्वाचे आहे. मात्र हे चिन्ह उशिराचे असते. कठडा वाकला, तेव्हा पाया आधीच हललेला असतो. अशा वेळी अहवाल पाठवून उत्तराची वाट न पाहता वाहतूक थांबविणे आवश्यक ठरते.

दुरुस्तीविषयीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खड्डा दिसला की ट्रकभर दगड त्यात ओतावेत, ही समजूत बरोबर नाही. लहान दगड पहिल्या पुरात वाहून जातात. तळाच्या वर ढीग केला तर पाण्याची वाट आणखी अरुंद होते आणि शेजारच्या खांबाजवळ नवी खरवड सुरू होते. दगडाचा आकार, त्याखालचा खडीचा थर आणि दगडांची वरची पातळी ही पाण्याच्या वेगावरून ठरवावी लागते. ते काम अभियंत्याच्या सल्ल्यानेच व्हावे.

वाळूचा प्रश्न

पुलाच्या आसपास वाळू उपसली गेली तर वरील सारी दक्षता अपुरी पडते. ४ मार्च २००१ रोजी पोर्तुगालमध्ये दोरू नदीवरील एकोणिसाव्या शतकातील एका पुलाचा खांब कोसळला. एक बस आणि मोटारी नदीत गेल्या आणि ५९ माणसे मरण पावली. वर्षानुवर्षे नदीतून काढलेल्या वाळूमुळे तळ खाली गेला होता आणि त्या हिवाळ्यातील पुरांनी उरलेले काम केले, असे चौकशीत दिसून आले. वाळू उपसलेला खड्डा जेथे पडतो तेथेच राहत नाही. पाणी त्या खड्ड्याची वरची कड तोडत वरच्या अंगास सरकते, तसा तो पुलापर्यंत पोहोचतो. म्हणूनच पुलाच्या दोन्ही अंगांस ठराविक अंतरापर्यंत वाळू उपशास मनाई असते. ही मनाई कागदावर आहे की पात्रात, हे काठच्या गावाइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही. रात्री चालणाऱ्या ट्रॅक्टरकडे जो गाव डोळेझाक करतो, तो स्वतःच्याच पुलाखालचा तळ विकत असतो.

गावाचा वाटा

पुलांची तपासणी व दुरुस्ती ही शासकीय बांधकाम यंत्रणेची आणि जिल्हा परिषदेची जबाबदारी आहे. ती गावावर ढकलता येणार नाही. परंतु अभियंता वर्षातून दोनदा येतो आणि गाव नदीकाठी बारा महिने असते. पूर चढत असताना तेथे असतात ते सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे शिपाई आणि शिक्षक. त्यांनी पात्रात उतरू नये आणि शंकास्पद पुलावर उभे राहू नये, काठावरूनच पाहावे. खांबाजवळ नेहमी नसणारा मोठा भोवरा, अडकलेले झाड, काठाचा तुटलेला लोळ, रस्त्याला पुलाच्या तोंडाशी गेलेला तडा, कठड्याची लवलेली रेषा यांपैकी काहीही दिसले तर तहसील कार्यालयास व बांधकाम उपविभागास त्वरित कळवावे. पूल बंद करण्याचा आदेश सक्षम अधिकारी देईल. मात्र तो येईपर्यंतचा अर्धा तास गावाच्या हाती असतो. दोन्ही टोकांना माणसे उभी करून, कंदील किंवा विजेऱ्या दाखवून वाहने थांबविणे एवढे काम त्या अर्ध्या तासात होऊ शकते. दुसऱ्या टोकाला माणूस पाठवावयाचा तर तो पूल ओलांडून नव्हे, पलीकडच्या गावाला दूरध्वनी करूनच.

शिक्षकांना आणखी एक काम करण्यासारखे आहे. शाळेच्या नोंदवहीत दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या पुराची तारीख आणि पाणी कोठवर आले, ते देवळाची पायरी, घाटाचा कट्टा किंवा झाडाचे खोड अशा कायम खुणेच्या आधाराने लिहून ठेवावे. वीस-पंचवीस वर्षांच्या अशा नोंदी महत्तम पूरपातळी ठरविताना अभियंत्यांना उपयोगी पडतात. पंचायतीने पिचिंगचे दगड ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा ठराव करून तो चावडीवर लावावा आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुलाच्या दगडांत रुजलेली झाडे लहान असतानाच काढून टाकण्याबाबत बांधकाम उपविभागास कळवून पाठपुरावा करावा.

पुलाच्या पाहणीत नदीची पाहणी आली पाहिजे. तिचा तळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. मोजलेले विसरले जाते, म्हणून ते लिहावे लागते. आणि लिहिणाऱ्याची बदली होते, म्हणून ती वही पुढच्याच्या हाती द्यावी लागते. दगडांच्या दोन-चार गाड्या, एक मोजपट्टी आणि एक नोंदवही यांना फारसा खर्च येत नाही. पावसाळ्याच्या रात्री बसमध्ये डोळा लागलेल्या प्रवाशाला आपण कोणत्या नदीवरून जात आहोत, हे ठाऊकही नसते. खालचा पाया कोणीतरी पाहिला असेल, या विश्वासावर तो निजलेला असतो. तो विश्वास सार्थ ठरविणे हे पुलाची पाहणी करणाऱ्या प्रत्येकाचे, आणि नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येक गावाचे, कर्तव्य आहे.